यमनात कोमल रे कुठून आला?

मिडी फाइलमध्ये आवाज नसतो. हे वाक्य एकदा नीट डोक्यात बसलं की या विषयातले निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. उरलेल्या निम्म्यांसाठी मला दोन वीकांत, एक यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह आणि एक अत्यंत तिखट कानाचे काका लागले. त्याचीच ही गोष्ट. (संगीतातलं कळत नाही म्हणून पळून जाऊ नका, मलाही फारसं कळत नाही. आपण बग शोधणारी माणसं, तेवढं पुरतं.)

आधी थोडी पार्श्वभूमी. १९८० च्या सुमारास प्रत्येक कंपनीचा सिंथेसायझर आपापल्या भाषेत बोलायचा. एकाची कळ दाबली आणि दुसऱ्याचा आवाज आला, असं करायचं तर हजार भानगडी. मग रोलँडचे इकुतारो काकेहाशी आणि सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ यांनी पुढाकार घेऊन सगळ्यांना एका भाषेवर आणलं. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रदर्शनात दोन वेगळ्या कंपन्यांचे कीबोर्ड एका वायरने जोडले, आणि एकावर वाजवलेलं दुसऱ्यावर वाजलं. प्रतिस्पर्धी कंपन्यांनी एकत्र येऊन बनवलेलं आणि चाळीस वर्षांनंतरही चालू असलेलं स्टँडर्ड... आपल्या क्षेत्रात अशी उदाहरणं बोटावर मोजण्याइतकीच. दोघांना त्यासाठी २०१३ मध्ये टेक्निकल ग्रॅमी मिळालं.

या भाषेत काय सांगतात? ‘६० नंबरची पट्टी दाबली, इतक्या जोरात.’ ‘६० नंबरची पट्टी सोडली.’ बस. जोर ० ते १२७ मध्ये मोजायचा, चॅनेल सोळा. मिडी फाइल म्हणजे अशा सूचनांची वेळेसकट यादी. भातखंड्यांच्या स्वरलिपीतली बंदिश कागदावर असते, तसंच. कागद गात नाही, गाणारा लागतो. म्हणूनच सीडीच्या दर्जाचं एक मिनिट ऑडिओ साठवायला सुमारे १० एमबी लागतात आणि मिडीचं अख्खं गाणं ३०-४० केबीमध्ये मावतं.

तर झालं असं, की गेल्या दिवाळीत सांगलीला गेलो असताना काकूने माळ्यावरून एक श्रीखंडाचा प्लॅस्टिकचा डबा काढला. आत अकरा फ्लॉप्या. काका नोकरीत असताना दिवसा हिशेबनीस आणि रात्री ऑर्केस्ट्रातले कीबोर्डवाले. गणपती, नवरात्र, जत्रा, कधी एखाद्या साखर कारखान्याचा वाढदिवस. नव्वदच्या दशकात त्यांनी सोसायटीचं कर्ज काढून फ्लॉपीवाला कीबोर्ड घेतला होता. ताल, बेस, कॉर्ड आधी घरी बसून भरून ठेवायचे आणि स्टेजवर त्यावर उजव्या हाताने सुरावट वाजवायची, अशी पद्धत. तो कीबोर्ड केव्हाच विकला गेला. ऑर्केस्ट्राचं रेकॉर्डिंग कुणी केलं नाही. आणि २०२२ मध्ये काकांना पॅरॅलिसिसचा झटका आला, त्यात उजवा हात गेला. गेला म्हणजे आहे, चहाचा कप कसाबसा धरतो, पण बोटं सुटी हलत नाहीत.

‘बघ काही निघतंय का,’ काकू म्हणाली. काका पेपर वाचत होते. ते म्हणाले, ‘बुरशी निघेल.’

बुरशी दोनच फ्लॉप्यांवर निघाली. बाकीच्या नऊ वाचता आल्या. (कुणाकडे असतील तर सांगून ठेवतो: जुन्या कीबोर्डच्या फ्लॉप्या बहुधा ७२० केबीच्या असतात, १.४४ एमबीच्या नाही. ड्राइव्ह घेताना ती दोन्ही वाचते ना, ते विचारून घ्या. आणि फ्लॉपी आधी राइट-प्रोटेक्ट करा, सगळं कॉपी करून घ्या, मग कॉपीवर काय धुडगूस घालायचा तो घाला.) फायलींची नावं आठ अक्षरांच्या हिशेबात कोंबलेली. त्यातल्या एकीवर काकांचं बोट थांबलं. ती चाल त्यांची स्वतःची. १९९७ मधली. ऑर्केस्ट्रात गाण्यांच्या मध्ये गायक कपडे बदलायला गेला की ते वाजवायचे. शब्द नाहीत, नुसती बासरीची सुरावट, यमनच्या अंगाने.

घरातल्या कुणालाही ती पूर्ण आठवत नव्हती. म्हणजे ती चाल जगात दोन ठिकाणी होती, काकांच्या डोक्यात आणि या फाइलमध्ये.

लॅपटॉप उघडला. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल ओढून टाकली. पट्ट्या दिसल्या, रेघ पुढे सरकायला लागली... आणि संपूर्ण शांतता.

‘छान वाजवलंय,’ काका म्हणाले.

हा पहिला आणि सगळ्यांना भेटणारा बग. खरं तर बग नाहीच. सूचना आहेत, वाद्य नाही. विंडोजमध्ये मिडी फाइल एखाद्या साध्या प्लेअरला दिली तर वाजते, कारण विंडोजसोबत एक छोटा सिंथ येतो, तो गुपचूप गातो. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर असं काही गृहीत धरत नाही. ट्रॅकवर वाद्य तुम्ही बसवायचं. मी जनरल मिडीचा एक फुकट मिळणारा साउंडफाँट बसवला. जनरल मिडी म्हणजे १९९१ मध्ये ठरलेली १२८ वाद्यांची यादी: १ वर पियानो, १०५ वर सतार, ११२ वर चक्क शहनाई. आणि १० नंबरचा चॅनेल ड्रम्ससाठी राखीव.

आता आवाज आला. पण सगळी वाद्यं एकाच ट्रॅकवर, एकाच पियानोत. ड्रम्ससुद्धा पियानोवर. जिन्यावरून भांडी गडगडावीत तसं.

हा दुसरा प्रश्न. मिडी फाइल मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. प्रकार ० मध्ये सगळे चॅनेल एकाच ट्रॅकमध्ये कोंबलेले असतात, प्रकार १ मध्ये वेगवेगळे ट्रॅक. जुने कीबोर्ड बरेचदा प्रकार ० लिहितात. सॉफ्टवेअरमध्ये ‘चॅनेलप्रमाणे ट्रॅक वेगळे करा’ अशा अर्थाची आज्ञा असते, ती द्यायची. मग १० नंबरच्या चॅनेलला ड्रम किट, बाकीच्यांना आपापली वाद्यं. वाद्यांचे नंबर काकांच्या वहीत होते, निळ्या शाईत, प्रत्येक गाण्याला अर्धं पान. मात्र वहीत सतार १०५ वर आणि माझ्या सॉफ्टवेअरच्या यादीत १०५ वर बँजो! एकाने १ पासून मोजायला सुरुवात केली, दुसऱ्याने ० पासून. सगळ्या प्रोग्रॅमर मंडळींना हा आजार ओळखीचा वाटेल :) काकांना समजावून सांगितलं तर म्हणाले, ‘शून्यापासून कोण मोजतं?’ यावर मी काय बोलणार?

तिसरा प्रश्न लय. ४ मिनिटांचं गाणं २ मिनिटं ४८ सेकंदांत आटोपलं. गणपतीत शेवटच्या आरतीला भूक लागलेली मंडळी जशी पळवतात, तसं. गुणोत्तर काढलं तर ८४ ला १२०. फाइलमध्ये लय ८४ लिहिलेली होती, पण सॉफ्टवेअरच्या नव्या प्रोजेक्टची लय १२० असते आणि त्याने आपलीच दामटली. आयात करताना ‘फाइलमधली लय घ्या’ हा पर्याय निवडला की काम झालं. (फाइलमध्ये लय मुळीच लिहिलेली नसेल तर १२० धरावी असा नियम आहे. म्हणून जुनी फाइल बरोबर १२० वर उघडली की जरा संशय घ्यावा.) त्याच खिडकीत ‘क्वांटाइझ’ नावाचा एक मदतनीस असतो, तो बंद ठेवा. तो प्रत्येक सूर उचलून मात्रेच्या रेघेवर नेऊन ठेवतो. काकांचे सूर रेघेच्या किंचित मागे होते, सगळे, सातत्याने. ती चूक नाही, ती त्यांची बसण्याची पद्धत आहे.

आता वाद्यं बरोबर, लय बरोबर. मी विजयी मुद्रेने प्ले दाबलं. काकांनी पेपर खाली ठेवला, आठ-दहा सेकंद ऐकलं आणि म्हणाले,

‘थांबव. यमनात कोमल रे कुठून आला?’

मला काहीच खटकलं नव्हतं. सूर सगळे फाइलमधलेच तर होते! पुन्हा वाजवलं. ‘हा बघ, इथे. नी वरून रे ला जायचंय. हा मध्येच पाय घसरून पडतोय.’ मग पुढे, ‘आणि इथे ग वरून प. हा तीव्र मध्यमावरच थांबला. हा मी नाही. दुसऱ्या कुणाचं तरी आहे.’

आपण इंजिनियर लोक ‘तुमच्या मशीनचा प्रॉब्लेम असेल’ असं म्हणायला सोकावलेले. पण समोरचा माणूस नेमक्या दोन जागा दाखवतोय, दोन्ही ठिकाणी काय अपेक्षित होतं आणि काय मिळालं ते सांगतोय. असा बग रिपोर्ट मला ऑफिसात आजवर मिळालेला नाही. मी फायलीची इव्हेंट लिस्ट उघडली, म्हणजे एकेक सूचना ओळीने दाखवणारी यादी.

काकांचा सा काळी एक, म्हणजे मिडीच्या हिशेबात ६१. खालचा नी ६०. त्या जागी यादीत ६० नंबरची पट्टी दाबलेली होती आणि मग पिच बेंडच्या सूचनांची रांग. पिच बेंड म्हणजे कीबोर्डच्या डाव्या टोकाला असलेलं चाक. ते फिरवलं की सूर पट्टी न बदलता वर किंवा खाली सरकतो. मींड काढायची ती त्याने. आकडा ० ते १६३८३, मध्ये ८१९२ म्हणजे चाक सरळ. काकांचं चाक दोन्ही जागी शेवटपर्यंत, १६३८३ पर्यंत गेलं होतं.

आता खरी गंमत. १६३८३ म्हणजे ‘चाक शेवटपर्यंत फिरवलं’. पण शेवटपर्यंत म्हणजे किती सूर? ते या आकड्यात नाहीच! ती मर्यादा वेगळी ठरवतात, आणि कुणी काही सांगितलं नाही तर बहुतेक वाद्यं दोन अर्धस्वर धरतात. ६० अधिक दोन म्हणजे ६२: कोमल रे. ग म्हणजे ६५, अधिक दोन म्हणजे ६७: तीव्र मध्यम. काकांनी सांगितलेले नेमके तेच दोन सूर. आणि त्यांना हवे होते ते? शुद्ध रे ६३, पंचम ६८. दोन्ही ठिकाणी फरक तीनचा.

‘काका, तुम्ही त्या चाकाचं काही सेटिंग करायचात का?’

‘हो, तीनवर ठेवायचो. सुरुवातीलाच, वरच्या बटणाने. का?’

म्हणजे काकांनी मर्यादा कीबोर्डच्या पॅनेलवरून बदलली होती, आणि ती फाइलमध्ये लिहिलीच गेली नव्हती. नकाशा मिळाला, पण त्याची मोजपट्टी त्या विकून टाकलेल्या कीबोर्डसोबत गेली. इतकी वर्षं फाइल शाबूत होती, एक बाइट इकडचा तिकडे झालेला नव्हता, आणि तरीही ती चुकीचं सांगत होती. बॅकअपवर गाढ श्रद्धा असलेल्यांनी (मीही त्यातलाच) यावर जरा विचार करावा.

उपाय तीन ओळींचा. गाण्याच्या सुरुवातीला, पहिल्या सुराच्या आधी, त्या चॅनेलवर तीन कंट्रोलर सूचना टाकायच्या: १०१ ला ०, १०० ला ०, ६ ला ३. पहिल्या दोन सांगतात की ‘आता बेंडच्या मर्यादेबद्दल बोलतोय’, तिसरी सांगते ‘तीन’. काही सॉफ्टवेअर वाद्यं ही सूचना कानाआड करतात, तेव्हा त्या वाद्याच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये जाऊन तीन करावं लागतं. आणि गाणं मधूनच थांबवलं तर चाक वळलेलंच राहतं, पुढचं सगळं बेसूर. सस्टेन पेडलचंही तसंच, ६४ नंबरचा कंट्रोलर दाबलेला राहिला की सूर गुंजतच बसतात. घाबरू नका, रिसेट करून पहिल्यापासून वाजवा.

प्ले. नी वरून रे. काकांनी मान हलवली, ती पूर्ण गाणं हलत राहिली.

म्हणजे पूर्ण नाही. २ मिनिटं १० सेकंदांनंतर बासरी बंद झाली. खाली ठेका चालू, बेस चालू, कॉर्ड बदलतायत, वर काही नाही. मी पुन्हा यादी उघडायला लागलो तर काका म्हणाले, ‘शोधू नको. तिथे काही नाहीये. मुखडा आणि पहिला अंतरा नमुना म्हणून भरला होता, मंडळींना ऐकवायला. दुसरा अंतरा हाताने वाजवायचो.’

हाताने म्हणजे उजव्या हाताने. काकूने काकांकडे बघितलं नाही. मीही नाही. खोलीत नुसता ठेका वाजत होता.

मिडीत आवाज नसतो, हे मी तोपर्यंत दोष म्हणूनच सांगत होतो. काकांची ती बासरी आता नाही, साउंडफाँटमधली आहे, वगैरे. पण आवाज नसण्याचा एक फायदा आहे. कॅसेट सावकाश चालवली तर सूर खाली जातो. मिडी सावकाश चालवा, सूर तोच राहतो, कारण सूर म्हणजे फक्त पट्टीचा नंबर. लय ८४ ची ४२ करा, आरामात वाजवा, मग पुन्हा ८४ करा. फायलीला कळतही नाही की तुम्ही सावकाश वाजवलंत.

पुढच्या वीकांताला पुण्याहून जाताना एक छोटा मिडी कीबोर्ड नेला. काकांना म्हटलं, डाव्या हाताने वाजवा, अर्ध्या लयीत, दोन-दोन ओळी. ‘या हातानं आयुष्यभर पेटीचा भाता मारला आणि चाक फिरवलं,’ काका म्हणाले, ‘याला काय येणार?’ पण बसले. पहिल्या दिवशी चार ओळींना दोन तास. करंगळी भलत्याच पट्टीवर जायची. तो सूर मी माउसने उचलायला गेलो की हात धरायचे, ‘थांब, पुन्हा वाजवतो.’ त्यांची मुलगी, माझी चुलत बहीण, फोनवर म्हणाली की अहो बाबा, दादाला नुसते सूर सांगा, तो टाईप करेल. माझ्याही मनात तेच होतं. स्वरलिपी लिहून घेतली असती तर अर्ध्या तासाचं काम. काका म्हणाले, ‘मग ते त्याचं होईल.’

दुसऱ्या दिवशी दुपारी दुसरा अंतरा पूर्ण झाला. फक्त कोरे सूर, मींड नाही, कारण एकाच हाताने पट्टी आणि चाक दोन्ही कसं सांभाळणार? पण ते एकाच वेळी करायची गरजच नसते. लय परत ८४ केली, आधीचे सूर तसेच ठेवून वर नवीन भरायचा पर्याय चालू केला आणि काकांना म्हटलं, आता सूर तो वाजवेल, तुम्ही फक्त चाक फिरवा.

डावा हात चाकावर गेला. पूर्ण लयीत, एका दमात, शेवटपर्यंत. एकदाही थांबले नाहीत.

नंतर मी स्क्रीनवर १९९७ च्या आणि आताच्या बेंडच्या रेषा खाली-वर लावून पाहिल्या. वर चढताना शेवटच्या टप्प्यावर एक बारीकसा थबका, मग पूर्ण. दोन्हीकडे तसाच. डाव्या हाताला काही झालंच नव्हतं. इतकी वर्षं तो मींड काढणारा हात होता, हे मला त्या दोन रेषा बघेपर्यंत सुचलंही नव्हतं. काकांना दाखवलं. चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ‘आता पहिल्या अंतऱ्यात एक धैवत कच्चा लागलाय, तो काढ.’

इथे आमचं भांडण झालं. माझं म्हणणं, मूळ फाइलला हात लावायचा नाही, ती ऐतिहासिक आहे. त्यांचं म्हणणं, ‘इतिहास तुझा असेल, धैवत माझा आहे.’ तडजोड आपल्या नेहमीच्याच मार्गाने निघाली. दोन प्रती. एक फ्लॉपीवरून उतरली तशी, कुणी न शिवलेली. दुसरी काकांची, जिच्यात त्यांना हवं ते करायची मुभा. पहिलीसोबत मी एक साधी टेक्स्ट फाइल ठेवली आहे: वाद्यांचे नंबर (१ पासून मोजलेले!), लय ८४, सा काळी एक, बेंड तीन अर्धस्वर. फायलीत जे नव्हतं ते. शिवाय दुसरीचं एक ऑडिओ रेकॉर्डिंगही करून ठेवलं, म्हणजे उद्या वाद्य सापडलं नाही तरी ऐकता येईल.

तुमच्या घरी असा डबा असेल, फ्लॉप्यांचा, कॅसेटचा, नाहीतर कुठल्याशा बंद पडलेल्या सॉफ्टवेअरच्या फायलींचा, तर तो लवकर उघडा. फ्लॉपी खराब होईल ही एक भीती आहेच. पण ‘हो, तीनवर ठेवायचो’ हे सांगणारा माणूस समोर बसलेला असणं, हे जास्त महत्त्वाचं. आकडे नंतरही वाचता येतील. मोजपट्टी त्याच्याकडेच असते.

काकांच्या वहीत अजून चौदा गाणी आहेत. त्यांनी स्वतःच क्रम लावलाय आणि काल फोन करून विचारलं, ‘पुढच्या शनिवारी येतोयस ना? येताना तो छोटा पेटारा आण.’